बावीस फेरे

दिवसाचं सातशे मिली मी पहाटेच वेगळं काढते,
खोकल्याच्या औषधाच्या जुन्या बाटलीत,
तिच्यावर रेघा आहेत म्हणून.
नर्मदा जलूदहून वर चढवून
अख्ख्या इंदूरच्या घशाशी आणणाऱ्यांत हेही होते,
ओव्हरसियर, सायकलवर, कानाला रुमाल.
त्यांना मी पाणी मोजून देते.
"रेशनिंग सुरू," म्हणतात,
"एक दिवसाआड केलंत तरी तक्रार नाही."

डॉक्टर लुणावतांनी कागदावर दोन काजू काढले.
आठवड्यातून तीनदा, चार-चार तास,
त्याआधी हातावर छोटं ऑपरेशन.
"नाहीतर..."
ते 'नाहीतर' पेपरवेटशेजारी पडून राहिलं.
ह्यांनीच उचललं.
"त्याचंही एस्टिमेट असेल ना? तेही दाखवा."

होतं.
डॉक्टरांनी खुर्ची जवळ ओढली.
खाजेवर गोळी, मळमळीवर गोळी,
श्वास लागला तर थेंबभर औषध.
झोप वाढत जाईल. महिने सांगता येणार नाहीत.
"पण आम्ही येत राहू. घरी."
काही करायचं नाही, असं ते एकदाही म्हणाले नाहीत.
एवढी एकच गोष्ट
मला नंतर कुणालाही पटवता आली नाही.

श्रीकर फोनवर: "पैशाचा प्रश्नच नाहीये, आई."
माहीत आहे रे. पैशाचा नाहीच आहे.
वन्सं म्हणाल्या, "जित्या माणसाला सोडून देता?"
शुक्लाइन भाभींनी उज्जैनहून कसलीशी पुडी मागवली.
भिशीत कुणी काही बोललं नाही,
फक्त ह्या महिन्याची चिठ्ठी
माझ्याच नावाची निघाली, न उघडता.

समोरच्या ब्लॉकमधले मुळ्ये तीन वर्षं जातायत,
सोम, बुध, शुक्र. रिक्षाने. येताना भाजी घेऊन.
अठ्ठावन्नाचे आहेत, धाकटीचं लग्न व्हायचंय.
ते आले तेव्हा ह्यांनी त्यांचा दंड धरून कान लावला,
आत घुं घुं चाललेलं.
"पंप छान आहे तुमचा. बेअरिंग शाबूत."
दोघं हसले. मुळ्ये निघताना दारात थांबले,
चपला घालायला फार वेळ लागला त्यांना.

आणि मी?
मी मान हलवली होती. मान हलायला काय लागतं.
रात्री ह्यांच्या पाठीला खोबरेल चोळताना
बोटं आपोआप मोजतात:
सोम, बुध, शुक्र. सोम, बुध, शुक्र.
न गेलेले वार घरभर बसलेले असतात पाहुण्यांसारखे.

डिसेंबर लागला. ह्यांना गराडू हवे झाले.
तक्त्यात गराडूपुढे लाल फुली,
दोन वर्षं फ्रिजवर चिकटवलेली.
डॉक्टर म्हणाले, "द्या चार फोडी."
मुळ्यांचा मुलगा सराफ्यातून घेऊन आला, वर जीरावन.
दोन ह्यांनी खाल्ल्या, दोन मी.
"लोखंडासारखं लागतंय," म्हणाले, "पण गरम आहे."
तक्ता मी काढला. फ्रिजवर त्याचा चौकोन राहिलाय, पांढरा.

एका रात्री विचारलंच, भीती वाटते का?
बराच वेळ छताकडे बघत होते.
"मोठा व्हॉल्व्ह एकदम नसतो बंद करायचा.
पाणी उलटं धावतं,
पाइप फुटतो तो भलतीकडेच, कुणाच्या तरी दारात.
आमच्या त्या व्हॉल्व्हला बावीस फेरे होते.
एक फेरा. थांबायचं. कान द्यायचा.
मग दुसरा."
"आता कितवा चाललाय?"
"मोजणं हेल्परचं काम," म्हणाले,
आणि कुशीवर वळले.

आज पहाटे साडेचारला नळ आला.
मोटरीआधी ह्यांना जाग.
"प्रेशर कमी आहे."
मी पिंप लावलं, बादल्या लावल्या,
मग ती बाटली धरली धारेखाली.
सातशेची रेघ आली.
जरा वर जाऊ दिलं.